डॉक्टरांच्या बंगल्याची मागची पायरी

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून भलत्या धीराची अपेक्षा ठेवायला नको. विंचवासापाला मी फारशी भीत नाही. शिरूरला आमच्या खोल्यांच्या मागं नदीचा उतार होता, पावसाळ्यात विंचू अंथरुणात निघायचे आणि मी त्यांना चपलेनं मारत असे. अंधाराचंही मला काही वाटत नाही. मला भीती वाटते ती मोठ्या घरांची. फाटक, आत लाल मुरमाची वाट, वाटेच्या कडेला चुना फासून तिरक्या रोवलेल्या विटा आणि टोकाला चार पायऱ्या. असं काही दिसलं की आज पंचाहत्तरी उलटल्यावरही माझा हात आपोआप पदर सारखा करायला जातो.

ही भीती मला शिरूरच्या मिशन कंपाउंडात मिळाली. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. कंपाउंडात कोण कुठं राहतो त्यावरून त्याची पायरी कळत असे. मधोमध मिशनरी साहेबांचा दगडी बंगला. त्याला लागून पाळकांचं घर. मग आम्हा मास्तरांच्या खोल्या. आणि पार टोकाला, विहिरीच्या पलीकडं, खेड्यांतून नव्यानं आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती. देवाला सगळे सारखे, हे आम्ही दर रविवारी चर्चमध्ये ऐकायचो, आणि ऐकताना प्रत्येक जण आपापल्या ठरल्या बाकावर बसलेला असायचा. पुढचा बाक कुणाचा हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. पण चुकून कुणी विहिरीपलीकडचं त्यावर टेकलंच, तर आमच्याच लोकांना अचानक खोकला यायचा.

सात वर्षांची असताना मी एका नाताळच्या सकाळी झेंडूची फुलं घेऊन बंगल्याच्या पुढच्या पायऱ्या धावत चढले होते. मडम दारातच उभ्या होत्या. त्या हसल्या, फुलं घेतली, माझ्या हातावर बिस्किट ठेवलं. मार मला आईनं दिला. घरी आल्यावर, दार लावून, फुंकणीनं. "पुढनं पाहुणे जातात. आपण मागनं जायचं, आणि कुणी बाहेर येईपर्यंत गप उभं राहायचं," ती मारता मारता म्हणत होती. तिला वाटत होतं, माझ्या त्या चार पायऱ्यांपायी वडिलांची नोकरी जाणार. नोकरी गेली नाही. पण माझ्या अंगात ते जे बसलं ते बसलं.

लग्न होऊन मी दौंडला आले, साठ सालच्या आगेमागे. नवरा रेल्वेच्या यार्ड ऑफिसात कारकून, तोही अजून टेंपररी. दौंड म्हणजे जंक्शन. दिवसभर इंजिनांचे शंटिंगचे धक्के, लोको शेडचा भोंगा, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची कणी. मला वाटलं होतं, सुटले मिशन कंपाउंडातून. कसली सुटतेय! इथं तर सगळं आखूनच दिलेलं. निंबाच्या झाडांच्या रस्त्याला बंगले, त्यांना दिवसभर पाणी. मग आम्हा बाबू लोकांची चाळ, तिच्या मागं एक नळ, त्याला सकाळ-दुपार मिळून चार तास पाणी. त्याच्यामागं गँग क्वार्टर्स, रूळ आणि स्लीपर उचलणाऱ्या गँगमनांच्या बुटक्या खोल्या. त्यांचा नळ अकरा वाजताच कोरडा पडायचा, म्हणून त्यांच्या बायका दुपारी आमच्या नळावर यायच्या. आमची पाच घरं भरून झाल्याशिवाय त्यांनी हंडा लावायचा नाही, असा आम्ही बायकांनीच नियम केला होता. आम्ही म्हणजे त्यात मीही आले. मी तर जरा जास्तच. मिशनच्या शाळेत शिकलेली, पांढरं पातळ खळ घालून नेसणारी, दोन इंग्रजी गाणी येणारी. बंगल्यांकडं बघताना माझी मान खाली जायची आणि गँग क्वार्टर्सकडं वळली की तीच मान ताठ व्हायची.

त्या बायकांपैकी एक राहू गावाकडची होती. तिशीची असेल. उंच, काळी, बोलणं खणखणीत. ती हंडा भरताना माझ्या मुलीशी बोलायची. मुलगी तेव्हा चार वर्षांची. मला ते फारसं आवडत नसे, कारण मुलगी मग घरात येऊन "न्हाई" आणि "व्हय" करायची.

त्या वर्षीच्या एप्रिलात मुलीला ताप आला. दोन दिवस अंगात होता. घसा दुखतो म्हणत होती. नवरा आठवड्यासाठी लाइनवरच्या एका लहान स्टेशनवर बदलीवर गेलेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला कॉलनीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर कुठल्याशा तपासणीला गेले होते. कंपाउंडरनं बाटलीत लाल मिक्श्चर दिलं, घशाला लावायला बोरोग्लिसरीन दिलं आणि म्हणाला, "टॉन्सिल्स. चारनंतर साहेब असतात, वाटलं तर या."

बारा वाजल्यापासून तिचा आवाज बसला. एकच्या सुमाराला ती श्वास घेताना घशात काहीतरी वाजायला लागलं. आत ओढताना एक बारीक, कोरडा आवाज. गळा सुजून जबड्याच्या खाली भरून आला होता. मी तिला दाराच्या उजेडात नेऊन तोंड उघडून बघितलं तर आत पांढरट-करडं काहीतरी चिकटलेलं. बोळ्यानं पुसायला गेले तर रक्त आलं. मी बोळा टाकून दिला आणि काय करावं ते न सुचून तिला मांडीवर घेऊन बसले.

मागच्या नळावर हंड्याचा आवाज झाला. मग तो थांबला. राहूची ती गँगवाली माझ्या मागच्या दारात येऊन उभी राहिली. न बोलावता ती कधी दाराशी आलेली नव्हती.

"बाई, पोरीचा आवाज हाय का ह्यो?"

"घसा आलाय. औषध दिलंय," मी म्हणाले.

ती आत आली. विचारलंही नाही. मुलीच्या गळ्याखाली, जिथं दोन हाडं मिळतात, तिथं बोट ठेवून बघितलं. प्रत्येक श्वासाला ती जागा आत खोल जात होती.

"ह्यो आवाज मला ठावा हाय. माझं एक असंच गेलं, राहूला. घटसर्प म्हंत्यात. उठा, डाक्टरकडं चला."

घटसर्प मला माहीत होता. आमच्या शिरूरच्या कंपाउंडात एका थंडीत त्यानं तीन मुलं गेली होती. तरी माझ्या तोंडून काय निघावं? "चारला दवाखाना उघडतो."

"चारपत्तुर हिच्यात ऱ्हाईल का काय? त्यांच्या बंगल्यावर चला."

आता जे सांगणार आहे ते मी इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा. मी पोरगी तिच्या हातात दिली आणि पातळ बदललं. अंगावरचं गुडघ्यावर ठिगळ लावलेलं होतं. ट्रंकेतून पांढरं काढलं, निऱ्या केल्या, केस विंचरले. मग मुलीचा फ्रॉक बदलला. तो लाल औषधानं डागाळला होता ना. ताप आलेल्या, गुदमरणाऱ्या लेकराचे हात वर करून मी इस्त्रीचा फ्रॉक घातला आणि मागची बटणं लावत बसले. डॉक्टरांच्या बंगल्यावर असं गबाळं कसं जायचं, हे माझ्या डोक्यात. गँगवाली दारात उभी राहून बघत होती. तिला काही कळेना. सात-आठ मिनिटं तरी गेली असतील. ती सात-आठ मिनिटं मला आजही परत हवी आहेत.

रस्त्यानं उन्हाचा नुसता जाळ होता. कॉलनी झोपलेली. मी पोरीला घेतलं होतं, पण अर्ध्या वाटेत माझे हात भरून आले, तेव्हा गँगवालीनं तिला खांद्यावर घेतलं. मी मागून चालत होते आणि तो आवाज ऐकत होते. तो आवाज आला की भीती वाटे आणि यायला जरा उशीर झाला की जास्तच भीती वाटे.

डॉक्टरांचा बंगला रस्त्याच्या टोकाला होता. फाटकाशी गँगवाली सरळ मुरमाच्या वाटेवर पाय टाकायला निघाली. मी तिला दंडाला धरून मागं ओढलं. "इकडून नाही. मागून." कुंपणाच्या कडेनं, मोरीच्या पाण्यातून आम्ही स्वयंपाकघराच्या पायरीशी गेलो.

स्वयंपाकी ओट्यावर भांडी पुसत होता. वयस्क माणूस, गळ्यात टॉवेल.

"मामा, मुलीला फार झालंय. साहेबांना सांगता का?"

त्यानं मुलीकडं बघितलं. त्याला दिसलं असणार, पण तो आधी आतल्या दाराकडं बघून मग बोलला. "साहेब आत्ताच तपासणीवरनं आले, जेवून पडल्यात. दुपारचं उठवायचं न्हाई, बाईसाहेबांची ताकीद हाय. माझ्या आधीच्या स्वैपाक्याची नोकरी त्याच्यापायीच गेली. बसा तुम्ही. उठले की पयलं तुमचंच सांगतो."

"किती वाजता उठतात?"

"तीन-साडेतीन. कवा लवकर बी उठत्यात."

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला, मुलीच्या कपाळावर ठेवायला ओला फडका दिला. आणि मी, मी त्याला "बरं" म्हणाले. बरं! पायरीवर पदर पसरून बसले.

त्या पायरीवर मी सव्वा तास बसले. आत स्वयंपाकघरात एक घड्याळ होतं, त्याचा लंबक मला बसल्या जागेवरून दिसत होता. बंगल्याच्या आतून कुणी कूस बदलल्याचा आवाज आला तरी मी उठून उभी राहायची. आत ते झोपलेत, वीस पावलांवर, आणि त्यांना येतं, हे सगळं त्यांना येतं, हे मला ठाऊक होतं. ओरडावं असं शंभरदा घशाशी आलं. पण ओरडले तर ते चिडतील; चिडले तर बघायचेच नाहीत; बघितलं नाही तर पोरगी जाईल. असा माझा हिशेब. तो मी पुन्हा पुन्हा करत होते आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं, की गप बस. मी प्रार्थना केली. प्रभू, पोरीला वाचव, एवढं मागायचं सोडून मी मागितलं ते असं, की प्रभू, साहेबांना आपणहून जाग येऊ दे.

गँगवाली उन्हातच उकिडवी बसली होती, मुलीला छातीशी उभी धरून. तशी धरली की श्वास बरा येतो, हे तिला माहीत होतं.

"बाई, म्होरनं जाऊ. हाक मारू."

"पुढून जायचं नसतं."

"कोन म्हनलं?"

खरंच, कोण म्हणालं होतं?

"मंग मी जाती. तुमी बसा."

"तू?" मी दचकलेच. "तू तर मुळीच नको. तुला बघून ते काय म्हणतील? आम्हालाही बाहेर काढतील."

हे मी तिच्या तोंडावर बोलले. ती माझी पोर घेऊन बसली होती, तिची छाती पोरीच्या लाळेनं भिजली होती, आणि मला काळजी ही, की असल्या बाईबरोबर आलेली दिसले तर माझीही गणना तिच्यात होईल. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. पुन्हा पोरीच्या गळ्याकडं बघत राहिली.

पावणेतीनला पोरीचे ओठ निळे पडले. मला ते आधी दिसलंच नाही, मी घड्याळाकडं बघत होते. गँगवाली म्हणाली, "गेली, बाई." तिनं ते अगदी हळू म्हटलं. मग आवाज आला, आत ओढल्याचा, लांब, आणि नंतर पुढचा येईचना.

गँगवाली उठली. पोरीला घेऊन ती बंगल्याला वळसा घालून धावली. मधे फुलांचा वाफा होता, त्यातून गेली. मी तिच्या मागं धावायला हवं होतं. मी उभी राहिले, आणि मला वाटलं, आता संपलं सगळं, आता आपण मेलो. पोरगी मेली असं नाही, आपण मेलो. मग पुढच्या बाजूनं तिची हाक ऐकू आली, शेतात या बांधावरून त्या बांधावर घालतात तशी.

"सायेब! ओ सायेब! पोरगी मरतीया, उठा!"

तेव्हा कुठं मी हलले. आणि हललेसुद्धा कशी, तर स्वयंपाक्याला "मामा, जाऊ का?" विचारून, चपला पायरीवर काढून, स्वयंपाकघरातून.

पुढचं दार सताड उघडं होतं. उन्हाळ्याचा वाळ्याचा पडदा सोडलेला होता, ओला, तो एका बाजूला सारून गँगवाली आत शिरली होती. दार लावलेलंच नव्हतं. डॉक्टर बनियनवर बाहेर आले. केस विस्कटलेले. त्यांनी पोरीकडं एकदाच बघितलं आणि जेवणाच्या टेबलावरची फुलदाणी हातानं लोटून दिली. ती फुटली. पोरीला तिथंच निजवलं. "माझी पेटी," ते ओरडले, मग गँगवालीला म्हणाले, "डोकं धर. असं. मागं. हलू द्यायचं नाही." मला बघून म्हणाले, "तुम्ही बाहेर." मी आई आहे हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायला त्यांना वेळ नव्हता.

मी पडद्याच्या बाहेर, त्या पुढच्या पायऱ्यांवर उभी राहिले. आतून काही ऐकू येत नव्हतं. वाळ्याचा वास येत होता. तो वास पुढं मला कधी सोसला नाही. आणि मग एक भलताच आवाज आला, शिट्टीसारखा, खोकल्यासारखा, आणि त्याच्यापाठोपाठ श्वास. पोरीच्या तोंडातून नाही, गळ्याला पाडलेल्या भोकातून. पण श्वास. मी तिथंच पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. बनियनवर रक्त. घटसर्पावरच्या सीरमसाठी पुण्याला निरोप गेला होता, संध्याकाळच्या गाडीनं गार्डच्या डब्यातून ते येणार होतं.

"आई तुम्ही?"

"हो."

"केव्हा आलात?"

मी तोंड उघडायच्या आत मागून स्वयंपाकी म्हणाला, "आत्ताच आल्या, साहेब. पाच मिन्टं झाली." तो पांढराफटक पडला होता. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प राहिले. मलाही तेच बरं वाटलं, खरं सांगायचं तर. सव्वा तास बसले हे सांगितलं असतं तर मला का बसलात असं विचारलं असतं.

"मग सरळ पुढून यायचं," डॉक्टर रागानं म्हणाले. "मागून कशाला गेलात? दार उघडंच होतं."

त्यांचा राग खरा होता. आपल्या दारात लोक का येत नाहीत हे त्या माणसाला खरंच ठाऊक नव्हतं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच क्षणी त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

मुलगी तीन आठवडे दवाखान्यात होती. गळ्यात नळी. बोलता यायचं नाही, रडली तरी आवाज नसायचा, नुसते डोळे भरून यायचे. त्या दिवसांत नवरा आला, सासरची आली, शिरूरहून आई आली. आईनं सगळं ऐकलं आणि पहिलं काय विचारलं असेल? "ती बाई पुढच्या दारानं गेली? साहेब काही बोलले नाहीत ना?"

साहेब बोलले नाहीत. बोलले ते बाकीचे. बाईसाहेबांनी म्हणे क्लबात हसत हसत सांगितलं, की एक गँगवाली शेणामातीच्या पायांनी थेट हॉलमध्ये आली, मी तर घाबरलेच. त्यात वाईट असं काही नव्हतं. पण ते एका बंगल्यातून दुसऱ्या बंगल्यात गेलं, तिथून ऑफिसात उतरलं, आणि उतरताना प्रत्येकानं त्यात आपली भर घातली. शेवटी ते असं झालं, की गँगचे लोक बंगल्यांत घुसायला लागलेत, शिस्त राहिलेली नाही. डॉक्टरांना हे कळलं असतं तर त्यांनी ते हाणून पाडलं असतं. त्यांना कुणी कळवलं नाही.

एका संध्याकाळी हेडक्लार्क आमच्याकडं आले. आमच्याच चाळीत राहायचे, पण त्या दिवशी कोट घालून आले. नवऱ्यानं त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. मी दाराआड.

"वहिनी, एक विचारायचं होतं. वरून चौकशी आहे. त्या बाईला बंगल्यात तुम्ही पाठवलंत का?"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या कन्फर्मेशनचे कागद त्याच महिन्यात वर जायचे होते आणि ते या माणसाच्या हातातून जायचे होते.

मला सांगता आलं असतं, की हो, मी पाठवलं. किंवा पाठवायला हवं होतं ते पाठवलं नाही, आणि ती गेली म्हणून माझी पोर आहे. एवढी दोन वाक्यं.

"नाही," मी म्हणाले. "ती आपल्या मनानं गेली. मी तर नको म्हणत होते."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. हेडक्लार्कांनी खिशातल्या कागदावर ते लिहून घेतलं, चहा घेतला, आणि जाताना मुलीच्या तब्येतीची चौकशी केली. ते गेल्यावर नवऱ्यानं सुस्कारा सोडला. त्या रात्री आम्ही दोघं नीट जेवलो, हे मला आठवतं.

आठ दिवसांत गँगवालीच्या नवऱ्याची बदली झाली. सोलापूरच्या बाजूला, कुठल्या तरी आडरानातल्या गँगवर. जायच्या दिवशी ती नेहमीसारखी नळावर आली. सामान बांधून झालं होतं, वाटेत प्यायला पाणी हवं होतं. आमच्या पाच घरांचं भरून झालं की नाही हे तिनं आधी बघितलं. मुलगी ओट्यावर बसली होती, गळ्याला पट्टी. नळी निघाली होती.

"बोलती का?"

"बोलेल हळूहळू. डॉक्टर म्हणतात आवाज थोडा घोगरा राहील."

"ऱ्हाऊ द्या. आवाजाचं काय घिऊन बसलाय." तिनं हात लांबवून पट्टीच्या कडेला बोट लावलं, पोरगी हसली. मग हंडा नळाखाली लावता लावता, पाठमोरी, ती म्हणाली, "तुमच्याकडं बी आल्ते म्हनं इचारायला."

"हो."

"काय सांगितलं?"

मी म्हणाले, "जे झालं ते."

"मंग बरं," ती म्हणाली. तिला वाटलं असणार, जे झालं ते सांगितल्यावर आणखी काय हवं. हंडा भरला, तिनं तो डोक्यावर घेतला आणि गेली. मी तिला थांब म्हटलं नाही. चहासुद्धा विचारला नाही, कारण शेजारची खिडकी उघडी होती.

नवरा कायम झाला. पुढं आम्ही पुण्याला गेलो, घर झालं. मुलगी घोगऱ्या आवाजाची राहिली, पण मोठी झाली, शिकली, शाळेत मास्तरीण झाली. तिच्या गळ्यावर खाली एक आडवी खूण आहे. कुणी विचारलं की ती सांगते, "मला डॉक्टरांनी वाचवलं." मीच तिला तसं सांगत आले. तिच्या लग्नाची पत्रिका मी डॉक्टरांना हातानं पत्ता लिहून पाठवली होती. ते रिटायर होऊन लांब राहायला गेले होते तरी त्यांचं उत्तर आलं, आशीर्वादाचं, सुंदर अक्षरात.

मागच्या वर्षी मुलीनंच हट्ट धरला, की आई, हे सगळं लिहून काढ. लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदाच मी तिला खरं काय ते सांगितलं. पायरी, पातळ, हेडक्लार्क, सगळं. मग त्या घोगऱ्या आवाजात तिनं एवढंच विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

या लिखाणात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही. डॉक्टरांचं, हेडक्लार्कांचं, माझ्या माणसांचं, ती सगळी मला पाठ आहेत आणि मी ती मुद्दाम गाळली आहेत. तिचं गाळलेलं नाही. ते मी कधी विचारलंच नव्हतं.